वैजूताईंची सही

जिममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येक माणसाला वैजूताई आधी स्टुलावर बसवायच्या. भाजीवाल्यांकडे असतं तसलं लाल प्लास्टिकचं साधं स्टूल. मागे चकचकीत मशीन्स, समोर भिंतभर आरसा, वर छातीत धडधडणारं संगीत, आणि या सगळ्याच्या मधोमध ते स्टूल. माणूस नवे बूट घालून, नवी बाटली घेऊन, आज काहीतरी उचलायचंच असं ठरवून आलेला असायचा. वैजूताई त्याला म्हणायच्या, "बसा. पाच मिनिटं काय करायचं नाय."

पाच मिनिटांनी त्या त्याचं मनगट धरायच्या आणि सेकंदकाटा असलेल्या आपल्या जुन्या घड्याळाकडे बघत ठोके मोजायच्या. मग म्हणायच्या, "आता हात न टेकता उठा. बसा. परत उठा." दहा वेळा. त्या आधी समोरून बघायच्या, मग बाजूने. गुडघे आत वळतात का, टाचा उचलतात का, उठताना माणूस श्वास कोंडून धरतो का. नंतर विचारायच्या, "कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

"बरं. मग सकाळी खाटेवरून उतरताना पहिलं पाऊल कसं टाकता?"

मग हळूहळू टाच निघायची, कंबर निघायची, दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडलेला खांदा निघायचा. हे सगळं त्या एका पिवळ्या कार्डावर लिहायच्या. कार्डाच्या पहिल्या ओळीत वजन किंवा उंची नसायची. तिथे त्या लिहायच्या, या माणसाला नेमकं काय करता यायला हवंय. एका काकूंच्या कार्डावर लिहिलं होतं, 'गणपतीत जमिनीवर बसून मोदक वळायचे आणि कुणी हात न देता उठायचं.' सहा महिने त्या काकूंचा सगळा व्यायाम त्या एका ओळीसाठी चालला होता.

मी त्या जिमच्या रिसेप्शनवर दीड वर्ष होते. सीवूड्सला, एका टॉवरच्या पहिल्या मजल्यावर. फोन उचलायचे, फॉर्म भरून घ्यायचे आणि जाहिरातींचा मजकूर लिहायचा, ही माझी कामं. शेवटचं काम मला मिळालं ते घरच्या वळणामुळे. माझे वडील तळोज्याच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. गेटवर वाटायच्या पत्रकांवर बोट ठेवत मी वाचायला शिकले. थोडक्यात, ठळक आणि मनाला भिडेल असं लिहायचं हे मला तिथून आलं, आणि तेच मी जिमच्या चरबी जाळण्याच्या जाहिरातींसाठी वापरत होते. हे मी सुखाने सांगत नाही.

वैजूताई करावे गावच्या. जिमपासून त्यांचं घर चालत वीस मिनिटांवर. सासर-माहेर दोन्ही त्याच गावात, दोन्ही घरं खाडीत होड्या घालणारी. खाडीला पूर्वीसारखी मासळी लागत नव्हती; घर ताईंच्या पगारावर उभं होतं आणि दोन मुली कॉलेजात होत्या. वय बेचाळीस, बांधा ठेंगणा, खांदे रुंद. जिना उतरताना त्या आधी उजवा पाय खाली टेकवायच्या आणि मग डावा त्याच्या शेजारी आणायच्या. एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. नवे लोक ते बघून कुजबुजायचे की हिलाच धड चालता येत नाही, ही आपल्याला काय शिकवणार. ते त्यांच्या कानावर जायचं. त्या म्हणायच्या, "मोडलेलं ज्याला माहीत हाय त्यालाच विचारा ना, कसं मोडतं."

त्यांचा उजवा गुडघा कबड्डीने गेला नव्हता, शिक्षेने गेला होता. गावच्या पोरींचा संघ होता आणि त्यात ताई चढाईला. चढाई फुकट गेली की गुरुजी देवळासमोरच्या सिमेंटच्या पटांगणाला बेडूकउड्यांची फेरी मारायला लावायचे. गुडघा सुजला की बाम चोळून पुन्हा उड्या. एके दिवशी आत काहीतरी सटकलं आणि सतराव्या वर्षी कबड्डी संपली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिता पिता, आवाज न चढवता.

"राग नाही येत त्या गुरुजींचा?" मी विचारलं. मला येत होता.

"त्यांना माहीत नव्हतं, बाय. माहीत नसनं हा गुन्हा नाय. पन मना माहीत हाय. मी केलं तर तो गुन्हा."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवून ठेवलं. वडिलांच्या गठ्ठ्यांत शेकडो घोषणा वाचल्या होत्या, पण माणसाला इतकं बांधून घालणारी एकही नव्हती.

म्हणूनच त्यांच्या बॅचमध्ये शिक्षा नव्हती. बाकीचे ट्रेनर उशिरा येणाऱ्याला वीस उड्या मारायला लावायचे आणि सगळे हसायचे. वैजूताईंकडे उशिरा आलेल्या माणसाला अंग तापवायचा वेळ उलट जास्त मिळायचा. त्या म्हणायच्या, "शाळेत उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावतात. पोरगी मोठी होते, चाळिशीत तिचे गुडघे कुरकुरतात, तिला उठाबशांचीच गरज असते, आनि तिला उठाबशा म्हटलं की मास्तर आठवतो. इथं ते स्क्वॉट म्हनतात म्हणून तरी करतात बिचाऱ्या."

त्यांची आणखी एक खोड सगळ्या बॅचला पाठ होती. कुणाचा दम वाढायला लागला की त्या शेजारी जाऊन विचारायच्या, "आज काय केलंय जेवायला?" उत्तर अख्ख्या वाक्यात आलं तर व्यायाम ठीक चाललाय. उत्तर एका शब्दात आलं तर वेग कमी. उत्तरच आलं नाही तर थांबायचं, चालायचं, पाणी. हातात ठोके मोजणारी पट्टी बांधलेल्या लोकांनाही त्या हेच विचारायच्या. दोन वर्षांत त्यांना सीवूड्समधल्या अर्ध्या स्वयंपाकघरांची खबर होती. सोलापूरकडच्या वहिनी पायऱ्या चढता-उतरता शेंगदाण्याची चटणी सांगायच्या आणि मालवणच्या काकू पलीकडून त्यात कोकम घालायला सुचवायच्या.

अक्षय नावाचा एक मुलगा यायचा. महाप्याला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, सत्तावीस वर्षांचा, डिसेंबरात लग्न. त्याला जमिनीवरून जडशीळ बार उचलायचा होता आणि त्याचा व्हिडिओ काढायचा होता. वैजूताईंनी त्याच्या हातात झाडूचा दांडा दिला. तो पाठीला लावायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही दांड्याला टेकलेली ठेवायची आणि कमरेतून वाकायचं. दोन आठवडे फक्त एवढंच.

"ताई, मी झाडू मारायला आलोय का?"

"मारलात तरी चालेल. पाठ सरळ ठेवून मारा."

"सगळे हसतात माझ्यावर."

"हसू देत. त्यांच्या पाठी तुमच्या लग्नात नाचायला येनार नायत."

मग बार आला, आधी रिकामा, मग थोडा भरलेला. एका सोमवारी अक्षय आला, खुर्चीवर ठेवलेली लॅपटॉपची बॅग त्याने उचलली आणि पलीकडून वैजूताई म्हणाल्या, "शनिवारी काय केलंत?"

"काही नाही."

"बॅग वाकडं होऊन उचललीत."

शनिवारी ताईंची सुट्टी असताना त्याने वजनही वाढवलं होतं आणि उचलण्याच्या वेळाही. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी कार्डावर वजन निम्मं केलं आणि त्याला समोर बसवून सांगितलं, "एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वजन वाढवलं तर वेळा तेवढ्याच. वेळा वाढवल्या तर वजन तेवढंच. दोनी वाढवलं तर उद्या कळनार कसं, कशानं दुखलं?"

मला हे वाक्य आजही फक्त व्यायामाचं वाटत नाही. पण ताईंना त्याचा दुसरा काही अर्थ काढलेला आवडला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. एका नवरात्रात दुसऱ्या ट्रेनरच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये नीता वहिनी चक्कर येऊन पडल्या. अडतीस वर्षांच्या, बँकेत नोकरी, एरवी ठणठणीत. वैजूताई धावल्या. त्यांनी वहिनींना आडवं केलं, पाय उशीवर घेतले, संगीत बंद करायला लावलं आणि शुद्ध आल्यावर रिक्षाने स्वतः डॉक्टरांकडे नेलं. काही गंभीर निघालं नाही. वहिनींचा नऊ दिवसांचा उपास होता, त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि त्या पोटावर ऑफिस आणि वर पाऊण तास उड्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्याकडून वहिनींचा फॉर्म मागून घेतला. जिमचा छापील फॉर्म. हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, औषधं चालू आहेत का, ऑपरेशन झालंय का, अलीकडे चक्कर आली होती का. वहिनींनी सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं.

"खोटं लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"खरं लिहिलं. उपास म्हनजे आजार हाय का? कोन लिहील?" ताईंनी फॉर्म पालथा घातला. "हा फॉर्म आजारी मानसाला शोधतो. आपल्याकडं येतात सगळी धडधाकट. धडधाकट मानसालाच वाटतं, आपल्याला काय होतंय. त्याला इचारायचं वेगळं असतं."

त्या दिवसापासून पिवळ्या कार्डाच्या डोक्यावर त्यांनी हाताने एक रकाना आखला, 'आज पोटात काय गेलं, पाणी किती, झोप किती.' बॅच सुरू होण्याआधी त्या प्रत्येकीला विचारायच्या. सुरुवातीला बायका वैतागल्या. देवाधर्मात जिमवाल्यांनी नाक खुपसायचं काय कारण, असंही एकजण माझ्यासमोर बोलली. ताईंचं उत्तर ठरलेलं होतं, "उपास सोडा असं मी कोनाला सांगनार नाय. उपासाच्या दिवसाचा व्यायाम वेगळा असतो, एवढंच." रोजे ठेवणाऱ्या दोघीजणी होत्या, त्यांची वेळ त्यांनी त्या महिन्यापुरती सूर्यास्तानंतर नेली आणि व्यायाम निम्म्यावर आणला. निर्जळी असेल त्या दिवशी फक्त ताण देण्याचे प्रकार आणि संथ श्वास. लोक हळूहळू स्वतःहून सांगायला लागले. अंगारकी, सोमवार, मुलाच्या परीक्षेसाठी बोललेला नवस. असले उपास कुठल्याही फॉर्मवर येत नाहीत आणि आपल्याकडची निम्मी शरीरं त्यांच्यावर चालतात.

आमची जिम एका मोठ्या कंपनीच्या अनेक शाखांपैकी एक; पुढच्या नवरात्राच्या तोंडावर कंपनीच्या मुख्य ऑफिसकडून योजना आली. नऊ दिवस, नऊ रंग. ज्या दिवसाचा जो रंग, त्या रंगाचे कपडे घालून यायचं, सगळ्यांनी एकत्र स्क्वॉट काढायचे आणि फोटो टाकायचा. पहिल्या दिवशी पन्नास, मग रोज पन्नास वाढवत नवव्या दिवशी साडेचारशे. पोस्टरवरचा मजकूर माझा होता. 'देवीच्या नऊ रूपांसारखी तुझी नऊ रूपं.' पासष्ट बायकांनी नावं नोंदवली.

योजनेच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती. 'कार्यक्रम तपासला आणि सर्व सहभागींसाठी सुरक्षित आहे. वरिष्ठ ट्रेनर.' खाली सहीची रेघ. वरिष्ठ ट्रेनर म्हणजे वैजूताई.

कंपनीच्या नावाने ही शाखा चालवणाऱ्या मालकांचं नाव निनाद सर. वाईट माणूस नव्हता. तिशीतला, हसरा, सगळ्यांना नावाने ओळखणारा. त्यांची केबिन काचेची आणि दार माझ्या टेबलाजवळ, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

"सर, यांतल्या निम्म्या जनींना उपास असनार. साडेचारशेपर्यंत उठाबशा धावपटू पन अशा नऊ दिवसांत नाय वाढवत."

"ताई, ते लोक आपल्या मर्जीने येतायत. आणि आपण त्यांच्याकडून लिहून घेतोय ना, जबाबदारी ज्याची त्याची."

"जबाबदारी त्यांची, तर सही माझी कशाला?"

सर हसले. "तुम्ही ना, वकील व्हायला हवं होतं."

"मना दोन दिवस द्या. पासष्ट जनींना एकेक करून बघते. जिला जेवढं झेपेल तेवढं तिच्या कार्डावर लिहून देते. रंग तुमचे, फोटो तुमचे, आकडा फक्त जिचा तिचा. मग सही करते."

सरांनी दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत ताई पहाटे सहाला यायच्या आणि शेवटची बाई गेल्यावर जायच्या. तेच लाल स्टूल, तेच मनगट, त्याच दहा उठाबशा. दुपारी डबा उघडायच्या आणि दोन घासांत कुणीतरी यायचं की डबा बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा गुडघा इतका सुजला की त्या स्वतः स्टुलावर बसल्या आणि बायकांना समोर उभं करून बघू लागल्या. पासष्टपैकी अडतीस जणींना उपास होता. दोघींना दिवस गेले होते आणि त्यांनी ते अजून घरीही सांगितलं नव्हतं. या दोघींची नावं ताईंनी कुणालाच सांगितली नाहीत, मलाही नाही. शेवटी पासष्ट कार्डांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो चाळला. खरंच चाळला, अर्धा तास. मग मुख्य ऑफिसला फोन केला. फोनवर ते बराच वेळ नुसतं "येस, येस" म्हणत होते. ताई बाहेर माझ्या टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"ताई, ते म्हणतात सगळ्या शाखांमध्ये एकच आकडा पाहिजे. एकत्र व्हिडिओ लावणार आहेत. कोणी बसलेलं, कोणी उभं, असं दिसून चालणार नाही."

"मग मी नाय सही करनार."

"फक्त एक सही आहे हो."

"म्हणूनच नाय."

"ताई, मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. सही नसेल तर वरिष्ठ ट्रेनर म्हणून ते तुम्हाला ठेवणार नाहीत. माझ्या हातात नाही ते. घरी मुली आहेत तुमच्या, विचार करा."

ताईंनी विचार केला. मी बघत होते. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, परत लावलं. घर, मुली, पगार हे सगळं तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. पत्रकांतली माणसं अशा वेळी डगमगत नाहीत. वैजूताई डगमगल्या, पुरतं अर्धं मिनिट. मग त्यांनी पेन परत ठेवलं आणि म्हणाल्या, "मुली हायत म्हणूनच. कार्डं मात्र मी घेऊन जाते. ती माझ्या हातची हायत."

त्यांच्या जागी सही दुसऱ्या ट्रेनरने केली. तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याने पान वाचलंही नाही. मी मात्र वाचलं होतं, आणि टेबलामागे बसून राहिले. माझा त्यातला वाटा एवढाच आणि तो चांगला नाही.

घटस्थापनेच्या सकाळी पिवळा रंग होता. सहा वाजता मी आले तेव्हा टॉवरच्या खाली, जिथून जिमचा जिना सुरू होतो, तिथे वैजूताई उभ्या होत्या. हातात दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. पिवळे कुडते, पिवळे टी-शर्ट घालून एकेक बाई येत होती आणि ताई तिचं कार्ड काढून तिच्या हातात देत होत्या. भाषण नाही. सरांविरुद्ध एक शब्द नाही. "हे तुझं. तिथं काय सांगतील ते ऐक. करायचं ते एवढंच. सकाळी काय घेतलंस?"

"चहा. आणि दोन खजूर."

"पानी?"

"एक ग्लास."

"अजून एक पी, मग वर जा."

माझे वडील गेटवर पत्रकं वाटायचे तेव्हा निम्मी खाली पडायची आणि बुटांखाली जायची. इथे एकही पडलं नाही. प्रत्येक कागदावर घेणारीचं नाव होतं, तिचा गुडघा होता, तिची झोप होती.

वॉचमनने येऊन हटकलं. "मॅडम, इकडे उभं राहायला परमिशन नाही."

"पाय दुखतोय, दादा. जिना उतरते हळूहळू," ताई म्हणाल्या आणि एक पायरी वर चढल्या. मग पुन्हा खाली. वॉचमनला हसू आलं आणि तो दुसरीकडे बघू लागला.

वर संगीत सुरू झालं. पासष्ट बायका ओळींत, समोर तो तेवीस वर्षांचा मुलगा, बाजूला तिवईवर मोबाइल. "एक, दोन, तीन, चला, आज देवी बघतेय तुमच्याकडे." सगळ्या एकदम खाली, एकदम वर. आठला पहिल्या ओळीतली एक बाई शांतपणे भिंतीला टेकून बसली. बाराला तिघी बसल्या. पंधराला नीता वहिनी बसल्या, कार्ड मांडीवर ठेवून, आणि बाटलीतून दोन घोट पाणी प्यायल्या. "अरे, काय झालं, उठा उठा." कुणी उठलं नाही. वीसला आणखी आठ-दहा जणी. मुलगा मोठ्याने आकडे म्हणत राहिला आणि त्याच्यासमोर पिवळ्या रांगा जागोजाग खाली बसत गेल्या, ज्या त्या आपापल्या आकड्याला. ज्यांच्या कार्डावर पन्नास होते त्या सहा जणी पन्नासपर्यंत गेल्या, नीट, गुडघे बाहेर, टाचा खाली, आणि मग त्याही बसल्या. नीता वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "तुमच्याकडे साबुदाणा किती वेळ भिजवता?" आणि दोघी हसल्या.

निनाद सरांनी काचेतून हे सगळं बघितलं. व्हिडिओ पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी शंभराऐवजी "जिला जमेल तेवढे" असं त्यांनी स्वतः सांगितलं. पण वैजूताईंना परत बोलावलं नाही. ते त्यांना जमलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. मी महिन्याभराने नोकरी सोडली आणि पुढे कामगारांच्या प्रश्नांवर लिहू लागले.

ताईंनी पुढे काय केलं ते तुकड्या-तुकड्यांनी कळत राहिलं. काही दिवस एका सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, बॅच घेतली. मग सोसायटीच्या कमिटीत गच्ची की पोडियम यावरून भांडण झालं आणि ती बंद पडली. मग कुणीतरी सांगितलं, बंदराकडे द्रोणागिरीला एका गोदामात लागल्यात. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोकांना कामाआधी व्यायाम द्यायला. कंपनीला कुठल्या तरी तपासणीसाठी तसं दाखवायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्या बाजूला गेले होते, कंत्राटी हमालांच्या प्रश्नावर लिहायला. सकाळचे पावणेसात. गोदामाच्या बाहेर ट्रेलरची रांग, इंजिनं चालू. शटर अर्धं वर. आत पन्नासेक माणसं रांगेत उभी, नारिंगी जाकिटं घातलेली, आणि त्यांच्यासमोर वैजूताई. केस जास्त पिकले होते. मला त्यांनी पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.

सुपरवायझर हातात मोबाइल घेऊन उभा होता. "मॅडम, दहा मिनिटं हात वर-खाली करून घ्या, मी फोटो काढतो, आणि इथे खाली सही करा. गाड्या थांबल्यात."

ताईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. रांगेतल्या एका माणसाला विचारलं, "दादा, दिवसभर काय उचलता?"

"हेच खोकं. तीनशे तरी होतात."

त्यांनी ते खोकं मागवून घेतलं. बाजूला वजन छापलेलं होतं. ते बोटाने वाचत त्यांनी विचारलं, "एवढंच भरतं का?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "छापलंय तेवढं असतंय होय ताई? उचलून बघा."

"उचलून नाय. काटा आना."

"काटा तिकडे पलीकडच्या शेडमध्ये आहे," सुपरवायझर म्हणाला. "आणायला वीस मिनिटं जातील. गाड्या..."

"जाऊ देत. यांच्या पाठीवर किती येतं तेच मना माहीत नाय, तर पाठीला शिकवू काय? आनि सही कशावर करू?"

बाहेरच्या एका ट्रेलरने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. सुपरवायझर मोबाइल खिशात टाकून पलीकडच्या शेडकडे चालू लागला. पन्नास माणसं एकेक करून खाली उकिडवी बसली. वैजूताई बसल्या नाहीत. खोक्यावर एक हात ठेवून, अंगाचा भार डाव्या पायावर घेऊन, त्या काट्याची वाट बघत उभ्या राहिल्या.